स्वस्तातली टेलिझूम लेन्स आणि मराठवाड्यातलं आऊटडोअर शूट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅमेऱ्याच्या किटसोबत आलेली नाहीतर कुणाकडून जुनी घेतलेली ५५-२५० किंवा ७०-३०० लेन्स घेऊन शेतात, धरणावर, किल्ल्यावर फिरणाऱ्या पोरांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एका जागी लिहून ठेवलेत. लग्नाचं, स्टुडिओचं इथं काही नाही. वाचताना आपली लेन्स हातात घेऊन बसा म्हंजे कुठलं बटन कशाचं ते लगेच कळंल.

स्वस्त टेलिझूम म्हणजे नेमकी कोणती लेन्स म्हणायलात?

लांबचं जवळ आणणारी, २०० ते ३०० एमएमपर्यंत जाणारी, वजनाला हलकी, बरीचशी प्लास्टिकची, आणि पूर्ण झूम केल्यावर एफ ५.६ नाहीतर एफ ६.३ च्या पुढं न उघडणारी (एफ म्हणजे एपर्चर, लेन्सचं उजेड घेणारं भोक; आकडा जेवढा लहान तेवढं भोक मोठं). कॅननच्या ५५-२५० आणि ७५-३००, निकॉनच्या ५५-२००, ५५-३००, ७०-३००, टॅमरॉन-सिग्माच्या जुन्या मॅक्रोवाल्या ७०-३००, ही सगळी एकाच गल्लीतली मंडळी. मोठ्या लोकांची ३०० एफ २.८ असते ती एफ ५.६ च्या चारपट उजेड आत घेते, पण तिच्या पैशात इकडं चांगली मोटरसायकल येते, तेव्हा तो विषय सोडून देऊ.

एवढ्या अंधाऱ्या लेन्सनं फोटो येतील का पण?

येतील की. आपल्याकडं पाण्याचा तुटवडा आहे, उन्हाचा नाही. जुना हिशोब असा आहे की कडक उन्हात एफ १६ ला शटर (सेकंदाचा किती भाग उघडं राहतं ते) म्हणजे एक भागिले आयएसओ (सेन्सर उजेडाला किती तिखट आहे तो आकडा), म्हणजे आयएसओ १०० ला १/१००. तोच उजेड एफ ८ ला आणि आयएसओ ४०० ला धरला तर शटर १/१६०० जातं. उडती घार थांबवायला एवढं पुष्कळ झालं. सूर्य उगवून तासभर झालेला असताना हिवाळ्यात उजेड याच्यापेक्षा बराच कमी असतो, तेव्हा आयएसओ ८०० नाहीतर १६०० करा आणि बिनधास्त राहा. लेन्स अंधारी आहे ही तक्रार घनदाट जंगलातल्या लोकांनी करायची, परभणी-बीडच्या उघड्या माळावर ती चालत नाही. माळावर फोटो बिघडतो तो दुसऱ्याच तीन गोष्टींनी, हात हलणं, लांबून काढणं आणि तापलेली हवा, आणि पुढचे निम्मे प्रश्न त्याच्याच भोवती फिरतात.

कॅननची ५५-२५० घेऊ का ७५-३००? ३०० जास्त आहे ना?

५५-२५० घ्या. आकड्याला भुलून लै जण ७५-३०० घेतात आणि मग म्हणतात फोटो धूसर यायलेत. ७५-३०० थ्री ही जुन्या डिझाइनची लेन्स, तिच्यात आयएस (हात हलला तरी फोटो सांभाळणारं स्टॅबिलायझेशन) नाही, फोकस करताना पुढची काच गोल फिरते आणि ३०० ला ती चांगलीच मऊ पडते, म्हणजे कडा धूसर येतात. ५५-२५० आयएस एसटीएम २०१३ ला आली, वजन पावणेचारशे ग्रॅम, आयएस आहे, फोकस गुपचूप होतो आणि २५० ला काढलेला फोटो थोडा कापून ३०० एवढा केला तरी तो ७५-३०० च्या फोटोपेक्षा उजवा दिसतो. एसटीएम नसलेली जुनी ५५-२५० आयएस टू पण वाईट नाही, मोटर जरा खरखर करते एवढंच.

मिररलेसवाल्यांनी (आत आरसा नसलेले नवे कॅमेरे) पण सावध राहा, २०२५ ला कॅननने त्या कॅमेऱ्यांच्या आरएफ माउंटमध्ये ७५-३०० आणली, नवीन डब्यात जुनंच डिझाइन आहे आणि आयएस तिच्यातही नाही, आणि आर ५०, आर १०, आर १०० या कॅमेऱ्यांच्या बॉडीत पण स्टॅबिलायझेशन नसतं म्हणजे दोन्हीकडून कोरडं.

निकॉनची ७०-३०० एएफ-पी मिळायली, घेऊ का?

लेन्स मस्त आहे, पण पैसे द्यायच्या आधी दोन गोष्टी बघा. एक, तिच्यात दोन प्रकार आहेत, व्हीआरवाली (निकॉनमधी आयएसला व्हीआर म्हणतात) आणि बिनव्हीआरची, आणि लांबून दोन्ही जुळ्या बहिणीच. बॅरलवरचं पूर्ण नाव वाचा, त्यात व्हीआर अक्षरं नसली तर नाही म्हणा. दोन, तुमची बॉडी कोणती? डी ९०, डी ७०००, डी ३१००, डी ३२००, डी ५१०० असल्या जुन्या बॉडीवर एएफ-पी लेन्सचा फोकसच होत नाही, ऑटो पण नाही आणि मॅन्युअल पण नाही. डी ३३००, डी ५३०० वगैरेंना नवीन फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) टाकून चालते, पण लेन्सवर व्हीआरचं बटनच दिलेलं नाही, तेव्हा ते बंद करायची सोय मेनूत आहे का ते बघा. डी ३४००, डी ३५००, डी ५६०० असेल तर डोळे झाकून घ्या.

आणि टॅमरॉनची ७०-३०० मॅक्रो?

डी ३००० किंवा डी ५००० मालिकेतल्या निकॉन बॉडीत फोकसची मोटर नसते, आणि या टॅमरॉनच्या पहिल्या आवृत्तीतही मोटर नव्हती, नंतर मोटरवाली आली. विकणाऱ्याला "मोटर आहे का" असं विचारू नका, तो हो म्हणतो. तुमचीच बॉडी घेऊन जा, लावा, बटन अर्धं दाबा, फोकस फिरला तर आहे. स्टॅबिलायझेशन तिच्यात नाहीच, तरी तिचा एक गुण लै भारी आहे, तो खाली फुलपाखरांच्या प्रश्नात सांगतो.

३०० ला फोटो मऊ येतो. लेन्स खराब आहे का?

बहुतेक नाही. या सगळ्या लेन्स शेवटच्या टोकाला आणि पूर्ण उघड्या एपर्चरला मऊच असतात, बनवणाऱ्याला माहीत असतं, फक्त डब्यावर लिहीत नाहीत. झूम २५०-२७० च्या आसपास आणा आणि एपर्चर एफ ८ करा, फरक लगेच दिसंल. एफ ११ पर्यंत ठीक, त्याच्या पुढं एफ १६, एफ २२ करत गेलात तर डिफ्रॅक्शनमुळं (बारक्या भोकातून उजेड पसरतो त्यानं) परत मऊपणा येतो, म्हणजे जास्त बंद केलं की जास्त शार्प हे खरं नाही.

लेन्सचा दोष आहे का आपला हे बघायची घरची टेस्ट सांगतो. भिंतीवर सकाळचा पेपर चिकटवा, कॅमेरा स्टुलावर पक्का ठेवा, भिंतीला बरोबर काटकोनात, स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदाचा टायमर लावा आणि एफ ५.६ ला एक, एफ ८ ला एक फोटो काढा. मग झूम करून अक्षरं वाचा. मधली अक्षरं स्वच्छ असतील तर लेन्स बरी आहे आणि बाहेरच्या फोटोचा दोष हाताचा, अंतराचा नाहीतर हवेचा. चारपैकी एकच कोपरा पार गेलेला असेल आणि बाकीचे तीन बरे असतील तर आतली काच सरकलेली असते, असली लेन्स परत करा.

शटर किती ठेवायचं?

जेवढं फोकल लेंथ तेवढं तरी, आणि आपल्या क्रॉप बॉडीला (लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याला) त्याच्यात दीडपट धरायची. ३०० ला म्हणजे १/५००. व्हीआर असली तर बसलेल्या पक्ष्याला १/१२५ पर्यंत पण निघतो, हात पक्का असंल तर. पण व्हीआर तुमचा हात थांबवतं, पक्ष्याची मान नाही. वेडा राघू तारेवर बसल्या जागी सारखी मान हलवत असतो, त्याला १/८०० च्या खाली काही खरं नाही. उडणाऱ्याला १/१६००, जमलं तर १/२०००.

सकाळी चांगले येतात आणि दहा-अकरानंतर त्याच लेन्सनं सगळे खराब, असं का?

हा प्रश्न विचारणारे कमी, पण मराठवाड्यात फोटो वाया जायचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

काळी रानं नांगरून उघडी पडली की ऊन पिऊन तापतात, जमिनीजवळची हवा गरम होऊन वर उठते, वरची गार हवा खाली येते, आणि गरम-गार हवेतून उजेड सरळ न येता वाकडा-तिकडा वळत येतो. तापल्या तव्यावरून पलीकडचं बघितल्यावर कसं लहरत दिसतं, तसंच तुमच्या आणि हरणाच्या मधली दोनशे मीटर हवा लहरत असते. नुसत्या डोळ्याला ते जाणवत नाही, ३०० एमएम मात्र ती लहर पण मोठी करून दाखवते. अशा वेळी शटर कितीही वाढवा, ट्रायपॉड लावा, लाखाची लेन्स आणा, फोटो लोणी फासल्यागत येणार, आणि ऑटोफोकस पण पुढं-मागं भरकटतो कारण त्याला धड कडच दिसत नाही.

ओळखायचं कसं? लाइव्ह व्ह्यू चालू करा, स्क्रीनवर दहापट झूम करा आणि लांबच्या विजेच्या खांबाकडं बघा. खांबाची कड वळवळायली तर लांबचे फोटो त्या दिवसापुरते संपले. तरी काढायचेच असतील तर जवळचं काढा, वीस-पंचवीस मीटरच्या आतलं, तिथं हवेचा थर कमी लागतो. उंच जागेवरून काढा, कारण लहर जमिनीला चिकटून जास्त असते. डांबरी रस्त्यावरून, पत्र्यावरून, दगडी खाणीवरून काढू नका.

एप्रिल-मे मध्ये पारा ४२ च्या वर गेला की आठ-साडेआठलाच खेळ खलास. हिवाळ्यात दहापर्यंत मिळतं, ढगाळ दिवस असला तर दिवसभर पण. आणि गाडीत बसून काढणाऱ्यांनी एसी आणि इंजिन बंद करून, काच खाली करून पाच मिनिटं थांबावं, नाहीतर खिडकीतल्या गार-गरम हवेचीच लहर होते. बोनेटवरून तर कधीच काढू नका.

पक्षी फोटोत नुसता ठिपका दिसतो. ६०० एमएम घ्यावी लागंल का?

आधी गणित बघा. क्रॉप बॉडीवर ३०० एमएम लावून २० मीटरवर बघितलं तर फ्रेममध्ये साधारण दीड मीटर रुंदीचा पट्टा मावतो. खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत पाऊण फूट ते फूटभर, म्हणजे तो फ्रेमच्या जेमतेम पाचव्या-सहाव्या हिश्श्यात बसणार. तोच १० मीटरवर असला तर पट्टा पाऊण मीटरचा होतो आणि खंड्या एकदम भरतो. म्हणजे दहा मीटर पुढं सरकणं आणि ६०० एमएमची लेन्स घेणं याचा फोटोतला परिणाम एकच, एकाला फक्त गुडघे लागतात.

सरकायचं कसं? सरळ त्याच्याकडं चालत गेलात की उडाला. तिरकं चाला, बघत नसल्यासारखं, मधी मधी थांबा. त्याच्यापेक्षा सोपं म्हणजे तुम्ही जाऊ नका, त्याला येऊ द्या. शेततळ्याच्या कडंला, विहिरीच्या काठाला, गव्हाला पाणी सोडलेल्या वाफ्याजवळ एका जागी शांत बसा. पाणी सोडलं की किडे वर येतात आणि त्यांच्या मागं बगळे, कोतवाल, साळुंक्या येतातच येतात, मोटर चालू करणाऱ्या माणसाला ते भीत नाहीत, कॅमेरावाल्याला भितात. तेव्हा शेतमालकाशी ओळख ठेवा आणि आज पाणी कुठल्या वावराला आहे ते विचारून जा. मोटरसायकलवरून, गाडीतून काढलं तर अजून जवळ जाता येतं, गाडीची त्यांना सवय असते. खाली उतरलात की गेला.

हरियाल, आपला राज्यपक्षी, तो वडा-उंबराला फळं पिकली की थव्यानं येतो आणि पानाच्या रंगात असा मिसळतो की खाली उभं राहून पण दिसंना होतो. त्याच्यासाठी लेन्स मोठी लागत नाही, फळ कधी पिकतंय ते माहीत लागतं.

नाथसागरला फ्लेमिंगो काढायला कधी यावं?

हिवाळा आणि त्याच्या शेवटाला, पाणी जरा उतरून चिखल उघडा पडायला लागला की. पैठणचं हे जलाशय पन्नास-पंचावन्न किलोमीटर लांब पसरलंय आणि बराच भाग उथळ आहे, म्हणून तर पक्षी येतात, १९८६ पासून अभयारण्य पण आहे. अडचण तीच आहे, उथळ असल्यामुळं पक्षी काठापासून लांब उभे राहतात आणि चिखलात तुम्ही जाऊ शकत नाही. शंभर मीटरवर तुमच्या ३०० ला पावणेआठ मीटरचा पट्टा दिसतो, त्यात माणसाच्या छातीएवढा फ्लेमिंगो एकटा काढायला गेलात तर निराश व्हाल. थवा काढा. ओळीनं उभे, मागं पाण्यावरचा सकाळचा उजेड, सगळ्यांच्या माना खाली आणि एकाचीच वर, असला फोटो या लेन्सनं फार चांगला येतो आणि ६०० वाल्याला उलटं त्याच्यासाठी मागं जावं लागतं. सूर्य पाठीशी राहील असा काठ निवडा, दहाच्या आत आटपा, कारण वरती सांगितलेली हवा पाण्यावर पण हलते.

फोकस सारखा पुढं-मागं पळतो, फांदीवरच लागतो, पक्ष्यावर लागंना.

मधला एकच फोकस पॉइंट निवडा. स्वस्त बॉडीचा मधला पॉइंटच काय तो खरा कामाचा, बाजूचे एफ ५.६ च्या लेन्सला धापा टाकतात. आधी झूम थोडा कमी करून फोकस घ्या, मग पूर्ण झूम करून परत अर्धं बटन दाबा. पक्ष्याच्या अंगावरच्या काळ्या-पांढऱ्या कडंवर पॉइंट ठेवा, सपाट पोटावर नाही. आणि बाभळीच्या काट्यांत बसलेला शिंजीर असंल तर सरळ मॅन्युअल करा, फांदीवर ऑटोफोकसनं आणून उरलेलं बोटानं फिरवा. ५ मीटरवर ३०० एमएम एफ ५.६ ला खोली (पुढं-मागं जेवढं शार्प येतं ते) फक्त सहा सेंटीमीटरच्या आसपास असते, म्हणजे चोच शार्प आणि डोळा गेलेला असं सहज होतं. डोळा पकडा, शेपूट गेली तरी चालतं.

बगळा पांढराफेक येतो, पिसंच दिसत नाहीत.

मागं काळी माती असली की कॅमेरा फसतो आणि उजेड वाढवतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे ०.७ किंवा उणे १ करा. कोतवाल आभाळाच्या पुढं असला तर उलटं, अधिक १.

झाडाच्या फांद्यांना जांभळी किनार दिसते ती?

लेन्सच्या काचा वेगवेगळे रंग एका जागी आणू शकत नाहीत म्हणून. पानगळीतल्या फांद्या आणि मागं पांढरं आभाळ, तिथं जास्त. रॉ मध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलमध्ये) काढला असंल तर एडिटिंगमध्ये एका क्लिकला जाते.

लँडस्केपला ही लेन्स चालते का? सगळे तर वाइड लावतात.

देवगिरीला वाइड लावून किल्ल्याच्या पायथ्याशी उभे राहून काढलेले फोटो सगळ्यांकडं सारखेच असतात, आभाळ मोठं आणि किल्ला बारका. त्याच्याऐवजी चांद मिनार आणि मागचा कातळाचा डोंगर दोन्ही एका रेषेत येतील अशा जागी जा आणि मग मागं मागं सरका, झूम वाढवत. मिनार फ्रेममध्ये तेवढाच ठेवायचा, मागचा डोंगर मोठा मोठा होत त्याच्या पाठीशी येऊन उभा राहतो. ही जादू लेन्सची नाही, अंतराची आहे. लांब गेलं की पुढच्या-मागच्या वस्तूंच्या अंतरातला फरक तुलनेनं कमी होतो, लेन्स फक्त तेवढा तुकडा कापून देते. वेरूळला कैलासाच्या वरच्या कड्यावरून शिखराचं नक्षीकाम, कोपऱ्यातले हत्ती, खाली चौकात चालणारी बारकी माणसं, हे १०० ते २०० च्या दरम्यान सुंदर येतं, आणि दगड एका जागी उभा असतो म्हणून घाई पण नाही. नळदुर्गला पावसाळ्यात नर-मादी धबधबे सुरू झाले की लांबून तुषार आणि त्यात भिजलेली माणसं काढा, जवळ जाऊन काच ओली करू नका.

पहाटेचं धुकं पण या लेन्सचंच. एकामागं एक बांध, कडंला बाभळी, मधी एखादी बैलगाडी, सगळं थराथरानं फिकं होत गेलेलं. वाइडमध्ये ते कुठंतरी हरवून जातं.

यात्रेत, बाजारात माणसांचे फोटो लांबून काढावेत का?

लांबून चोरून काढायला ही लेन्स नाही. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत मार्गशीर्षात घोडे, गाढवं, बैल, उंट, वाघ्या-मुरळी, काय नाही तिथं. आधी बोला, चहा प्या, मग दहा पावलं मागं जाऊन १०० एमएमला काढा, चेहरा नीट येतो, नाक मोठं दिसत नाही, आणि मागची गर्दी विरघळून जाते. बायकांचे, लेकरांचे विचारल्याशिवाय नाही म्हंजे नाही. पाठवतो म्हणालात तर फोटो खरंच पाठवा, पुढच्या वर्षी तोच माणूस हाक मारून बोलवतो.

आणि तिथं भंडारा उधळतात. हळद लै बारीक असते, झूम लांब करताना लेन्स हवा आत ओढते आणि हवेसोबत हळद. बॅरलच्या सांध्यात पिवळी रेघ बसली की ती बारक्या ब्रशनंच काढायची, पुसली तर आत सरकते. उधळण चालू असताना झूम एका जागी ठेवा आणि पायानं पुढं-मागं व्हा.

फुलपाखरं निघतात का?

झकास. टॅमरॉनच्या त्या ७०-३०० ला मॅक्रोचं बटन असतं, १८० ते ३०० च्या दरम्यान चालतं, ९५ सेंटीमीटरपर्यंत जवळ जाता येतं आणि वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराच्या निम्मी उमटते. हातभर लांबून काढायला मिळतं म्हणून फुलपाखरू उडत नाही, खऱ्या मॅक्रो लेन्सवाल्याला त्याच्या नाकापाशी जावं लागतं. तसलं बटन नसेल तर दोन काचांचा चांगला क्लोजअप फिल्टर पुढं लावा. एकाच काचेचा स्वस्त सेट मिळतो तो घेऊ नका, कडा सगळ्या वाहून जातात. घाणेरीची, झेंडूची झाडं बघा, सकाळी पंख वाळवत बसलेली असतात तेव्हाच.

चंद्र काढला तर पांढरा गोळा येतो.

ऑटोवर काढलात म्हणून. पौर्णिमेचा चंद्र म्हणजे उन्हात पडलेला दगडच आहे, त्याला उन्हासारखंच एक्स्पोजर लागतं. मॅन्युअल करा, एफ ८, आयएसओ २००, शटर १/४००. ३०० ला तो सेन्सरवर पावणेतीन मिलिमीटरच उमटतो, फ्रेमच्या उंचीच्या सहाव्या हिश्श्याएवढा, तेव्हा क्रॉप करावाच लागणार. पौर्णिमेपेक्षा अष्टमी-नवमीला काढा, कडेच्या सावल्यांमुळं खड्डे उठून दिसतात.

मावळता सूर्य?

क्षितिजाला टेकून लाल झालेला चालतो, तो पण स्क्रीनवर बघून. वर असलेल्या सूर्याकडं ही लेन्स लावून व्ह्यूफाइंडरला डोळा लावायचा नाही, डोळा जातो, कायमचा. ग्रहणाला लेन्सच्या पुढं सोलर फिल्टर पाहिजेच, एक्स-रेची फिल्म, काळा गॉगल हे उद्योग नकोत.

ट्रायपॉड घ्यावाच लागंल का?

पक्ष्यांना नाही. कापडी पिशवीत दीड-दोन किलो ज्वारी भरा, तोंड शिवून टाका, आणि गाडीच्या खिडकीवर, बांधावर, विहिरीच्या कठड्यावर ठेवून त्याच्यात लेन्स रुतवा. हजार रुपयाच्या डुगडुगत्या ट्रायपॉडपेक्षा हे कधी पण चांगलं. तुरीची डाळ भरू नका, किडे लागले की घरचे कॅमेऱ्यासकट बाहेर काढतील. ट्रायपॉड असंलच तर त्याच्यावर व्हीआर बंद करायचं.

टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधी लावायची जास्तीची काच) लावून ६०० करता येतं म्हणतात?

नको. २x लावला की एफ ५.६ चा एफ ११ होतो, डीएसएलआरचा ऑटोफोकस हात वर करतो आणि आधीच मऊ असलेला फोटो दुप्पट मऊ होतो. पुढं स्क्रू करून लावायचे ऑनलाइन मिळतात ते तर खेळणीच.

यूव्ही फिल्टर, हूड?

हूड (लेन्सच्या तोंडाला लावायचं छत्रीसारखं कडं) पाहिजे, बऱ्याच स्वस्त लेन्ससोबत येत नाही, वेगळा घ्या. तिरकं ऊन काचेवर पडलं की फोटो फिका पडतो ते थांबतं आणि लेन्स आपटली तर मार हूड खातो. दोनशे रुपयांचा यूव्ही फिल्टर ३०० एमएमला मऊपणा वाढवतो, यात्रेत धुळीसाठी लावा, बाकी काढून ठेवा.

मोबाईलला पण शंभरपट झूम आहे की आता.

आहे. खांब, गाडीचा नंबर, देवळाचा कळस ठीक निघतो. उडता पक्षी काढून दाखवा, मग बोलू.

जुनी लेन्स घेताना काय बघायचं?

दोन्ही टोप्या काढा, मोबाईलची टॉर्च मागून मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारके धागे दिसले तर बुरशी, घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी. चार धुळीचे कण दिसतीलच, त्यानं फोटोला काही होत नाही. झूम फिरवताना मधी अडकते का, लेन्स खाली धरली की आपोआप लांब होते का, मागचे पितळी पॉइंट घासलेत का, एपर्चरच्या पात्यांवर तेल आलंय का बघा. आणि तुमच्या कार्डात फोटो काढून घरी कॉम्प्युटरवर बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आज लगेच द्या म्हणून घाई करणाऱ्याला नमस्कार.

मोर नाचताना, घरटी, पिल्लं?

बीड जिल्ह्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे, आणि पावसाच्या तोंडावर, जून-जुलैत, मोराचा पिसारा पूर्ण असतो, पावसाळा सरता सरता गळायला लागतो. आत जाताना वनखात्याचे नियम असतील ते पाळा. घरट्याचे फोटो काढूच नका, त्यातून फांद्या वाकवून, तोडून तर मुळीच नाही. तुम्ही जागा दाखवली की कावळ्याला पण दिसते, आणि आई उन्हात उठून गेली तर अंडी वाया जाऊ शकतात. सुगरणीची विहिरीवर लोंबणारी घरटी पलीकडच्या काठावरून काढता येतात, त्यासाठीच तर ३०० आहे.

पुढची लेन्स कधी घ्यावी?

जवळ जाऊन, सकाळी लवकर, एफ ८ ला, सगळं करून पण अडतंय असं वाटलं तर. कॅनन मिररलेसवाल्यांना आरएफ १००-४०० बरी, साडेसहाशे ग्रॅमच्या आत आणि आयएस आहे. डीएसएलआरवाल्यांना १५०-६०० किंवा निकॉनची २००-५००, पण दोन किलोचं ओझं गळ्यात घेऊन माळ तुडवायची तयारी ठेवा. भाड्यानं मिळत असेल तर आधी दोन दिवस वापरून बघा.

पावसाळ्यात लेन्स कशी ठेवायची?

कपाटात, कातडी केसमध्ये, कपड्यांखाली ठेवू नका, बुरशीला तेच पाहिजे असतं. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेल आणि दमटपणा दाखवणारं छोटं मीटर, काटा ४० ते ५० च्या दरम्यान राहू द्या. जेलचे दाणे रंग बदलले की कढईत मंद आचेवर गरम करून परत वापरता येतात, फक्त ती कढई परत स्वयंपाकाला नको. शूट करून आल्यावर पहिल्यांदा ब्लोअरनं धूळ उडवा, मग ब्रश, मग लागलंच तर ओलं लेन्सचं कापड, शर्टाच्या टोकानं नाही, आपल्या मातीत खडा असतो आणि तो काचेवर रेघ मारतो. आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून चार फोटो काढा, कोवळ्या उन्हात थोडा वेळ ठेवली तरी चालतं, टोपी काढून आणि तोंड सूर्याकडं न करता.